उकळूनही न जाणारं विष

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात नांदत असतो, बहुतेकदा काही त्रास न देता. ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० साली गळवातल्या पुवात त्याचे द्राक्षांच्या घडासारखे पुंजके दिसले. प्रयोगशाळेत आजही ओळख तिथूनच सुरू होते. मग या जिवाणूंवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की बुडबुडे येतात. सशाच्या रक्तद्रवात ते मिसळले की रक्तद्रव गोठतो. ही दुसरी खूण जास्त मोलाची, कारण त्वचेवरचे त्याचे बहुतेक सौम्य भाऊबंद रक्तद्रव गोठवत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती स्वयंपाकघराची. बोटावर पिकलेली जखम असलेला हात निवलेल्या खिरीला लागला आणि ती उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिली, तर हे जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि विष तयार करतात. मग खीर कितीही उकळा. जिवाणू मरतात, विष उरतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. इथे अँटिबायोटिक कामाचं नाही. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या, आणि लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या.