तांब्याचा तळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हिनकल येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी कोणी तांब्याविषयी बोलू लागावे, हे आपणांपैकी काहींना औचित्य सोडून वाटेल. त्यातही हिनकलसारख्या ठिकाणी जहाजाचा विषय काढणे म्हणजे डोंगरावर बसून मासळीच्या भावाची चर्चा करण्यासारखे आहे. परंतु आपल्या दारावरून जाणारा हुणसूर रस्ता तसाच पश्चिमेकडे धरला, तर तो मडिकेरीचा घाट उतरून मंगळूरला समुद्राशीच पोचतो. तेव्हा समुद्र आपल्याला अगदीच परका नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

मंडळाच्या ग्रंथालयात कपाटावर ठेवलेले जहाज आपण सर्वांनी पाहिले आहे. ते कसे पुरे झाले, हे सांगण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली आहे. 'पुरे झाले' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण त्याचा आरंभ आम्ही केलेला नाही.

आपले एक ज्येष्ठ सभासद मुंबईच्या गोदीत उभा जन्म काढून, निवृत्तीनंतर मुलीकडे म्हैसूरला राहावयास आले होते. त्यांना सारे मंडळ काका म्हणत असे. 'त्रिंकोमाली' या जहाजाची प्रतिकृती करावयाची, हा ध्यास त्यांनी घेतला. हे जहाज मुंबईचे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षांच्या आसपास मुंबईची गोदी गाजविली. त्याच घराण्यातील जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे सागवानी जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरले. दोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी इंग्लंडातील हार्टलपूल येथे ते आजही जतन केलेले आहे. मुंबईच्या गोदीतलीच 'कॉर्नवॉलिस' १८४२ च्या नानकिंगच्या तहाची साक्षीदार झाली, आणि 'एशिया' १८२७ साली नवारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे जहाज म्हणून लढली. परमुलखात जाऊन टिकलेल्या या मुंबईकर जहाजांविषयी काका बोलू लागले की त्यांना वेळेचे भान राहत नसे.

काकांनी एकास चौसष्ट या प्रमाणात सांगाडा उभा केला, त्यावर फळ्या बसविल्या, त्या घासून गुळगुळीत केल्या. मूळच्या दीडशे फुटांच्या जहाजाचे सुमारे अठ्ठावीस इंचांचे कलेवर तयार झाले. आणि तेथेच त्यांचा हात थांबला. ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी काकू जुन्या लुगड्यात गुंडाळलेले ते जहाज घेऊन मंडळात आल्या. म्हणाल्या, "हे तुमच्याकडे असू द्या. पण असं अर्धं ठेवायचं असेल तर नको. मी घरी परत नेते."

आम्ही चौघांनी ते काम पत्करले. चौघांपैकी एकानेही जहाज बांधणे तर सोडाच, जहाजाचा प्रवासही धडपणे केलेला नव्हता. काकांची वही होती, पण ती फळ्या बसविण्यापाशी संपलेली. पुढचे काम होते ते तळाला तांब्याचे पत्रे मढविण्याचे.

लाकडी जहाजाला तांबे कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे. उष्ण समुद्रांत लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसावयास तो किड्यासारखा, पण जातीने शिंपल्यांचा भाईबंद. बाहेरून फळी धड दिसते आणि आतून तिची चाळण झालेली असते. शिवाय तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात आणि जहाजाची गती मंदावते. आपल्या कोकणी गलबतांना यावर सोपा उपाय ठाऊक होता. पावसाळ्यापूर्वी ती किनाऱ्यावर ओढून घ्यावयाची, तळ खरवडून त्यास तेल, चुना इत्यादींचा लेप द्यावयाचा आणि नारळी पौर्णिमेला दर्यास नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटावयाची. कान्होजी आंग्र्यांच्या काळातील गलबते बेताच्या खोलीची असल्याने त्यांना हे साधत असे. परंतु खोल तळाचे आणि वर्षानुवर्षे परमुलखात फिरणारे युद्धजहाज दर वर्षी किनाऱ्यावर कोण ओढणार? त्यासाठी तांबे आले.

इंग्रजांनी १७६१ साली 'अलार्म' नावाच्या जहाजावर हा प्रयोग प्रथम केला. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७६३ मध्ये तळ तपासला, तेव्हा लाकडाला कीड लागलेली नव्हती, परंतु तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे मात्र झिजून गेले होते. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकले की लोखंडाचा क्षय होतो. गंमत अशी की, पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद जेथे चुकून मध्ये राहिला होता, तेथील लोखंड शाबूत होते! आपल्या भगिनींना याचे नवल वाटणार नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटी करावयाची तर आतून कल्हई हवी, दोहोंमध्ये काहीतरी आड हवे, हे त्यांना कोणत्याही आरमारखात्याने शिकविलेले नव्हते. पुढे १७८० च्या दशकात पाण्याखालचे खिळेच तांब्याच्या जातीच्या धातूंचे करू लागले, तेव्हा हा प्रश्न सुटला.

आपल्या या मुलखाचाही या कथेशी संबंध आहे. येथून जवळच असलेल्या श्रीरंगपट्टणाहून टिपू सुलतानाने चाळीस मोठ्या जहाजांचे आरमार उभारण्याचा घाट घातला होता, आणि त्या जहाजांना तांब्याचे तळ असावेत अशी त्याची आज्ञा असल्याचे इतिहासात नमूद आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि तो बेत पुरा झाला नाही. समुद्रापासून इतक्या दूर बसून तांब्याच्या तळाचा विचार करणारे आम्हीच पहिले नव्हे, हे वाचून आम्हांस थोडा धीर आला.

आता आमच्या कामाकडे वळतो. मूळ पत्रा चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असे. एकास चौसष्टच्या हिशेबाने तो एकोणीस मिलिमीटर लांब आणि जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंद होतो. काचकामासाठी बाजारात मिळणारी, मागे गोंद असलेली तांब्याची पातळ पट्टी सहा मिलिमीटर रुंदीची होती. तेवढा फरक आम्ही स्वीकारला. शिवणकामातील दातेरी चक्र उलट बाजूने हलकेच फिरवून खिळ्यांचे ठसे उठविले. ते हलकेच असावे लागतात, कारण एवढ्या लहान प्रमाणात खरा खिळा दिसणारच नाही. फळ्यांना आधी वॉर्निशचा हात देऊन त्या घासून घेतल्या, कारण लाकडावर धूळ राहिली तर पट्टी धरत नाही. जहाज समपातळीत बसवून, ठोकळ्याला बांधलेल्या पेन्सिलीने पाण्याची रेषा भोवताली आखली. दोन्ही बाजू मिळून दोन हजारांच्या आसपास पत्रे लागणार होते. दर रविवारी सकाळी मुले पत्रे कापीत, आम्ही चिकटवीत असू.

पाच रविवार झाले. तीनशे चाळीस पत्रे बसले. नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून आम्ही सुरुवात केली होती, कारण कोणतेही काम पुढून सुरू करावयाचे असते अशी आमची समजूत! सहाव्या रविवारी काकू आल्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ तळ न्याहाळला आणि विचारले, "अहो, हे जहाज चालतं कुणीकडे?"

आम्ही नाळ दाखविली.

"मग पाणी इकडून येणार आणि तिकडे जाणार. तुमच्या प्रत्येक पत्र्याची कड पाण्याच्या तोंडावर उघडी आहे. आमच्या रत्नागिरीकडे अशी कौलं घातली असती तर पहिल्या पावसात घरात होडी चालवावी लागली असती."

आम्ही निरुत्तर झालो. छपरावर पाणी वरून खाली येते, म्हणून कौले खालून वर चढवीत जातात आणि वरचे कौल खालच्यावर बसते. जहाजाला पाणी पुढून मागे जाते, म्हणून पत्रे पिछाडीकडून बसवीत पुढे यावयाचे, म्हणजे पुढचा पत्रा मागच्याची कड झाकतो. गोदीतल्या माणसाची वही आम्ही चौघे धुंडाळीत होतो, आणि दर मृगापूर्वी घर शाकारलेले पाहिलेल्या बाईने एका दृष्टिक्षेपात चूक दाखविली.

त्यानंतर आमच्यात जो वाद झाला, तो लपविण्याचे कारण नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, हे जहाज पाण्यात जावयाचे नाही. कपाटावर ठेवलेल्या प्रतिकृतीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या कडा कोण पाहणार? शिवाय पट्टी ओढताना लाकडाचा पापुद्रा निघाला, तर काकांनी स्वतःच्या हाताने घासलेली फळी बिघडेल, ती पुन्हा कोण करणार? हे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे एवढेच होते की, काका असते तर त्यांनी ते ठेवले नसते. अखेर निर्णय काकूंवर सोपविला. त्या म्हणाल्या, "फळी थोडी बिघडली तर बिघडू दे. त्यांच्या हाताची आठवण म्हणून चूक जपायची नाही."

केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब देत, एकेक पत्रा नखाने सोडवीत, तीनशे चाळीस पत्रे काढावयास तीन रविवार लागले. दोन ठिकाणी लाकूड सोलले गेले. तेथे लांबी भरून ते सारखे केले. मग पिछाडीकडून, कण्यालगतच्या ओळीपासून आरंभ केला. टोकांकडे तळ निमुळता होत जातो, तसतशा ओळी एकमेकींवर चढू पाहतात. तेथे पत्रे तिरपे कापून, काही ओळी मध्येच संपवाव्या लागतात. हे अनुभवानेच कळले. अखेरचा पत्रा नाळेपाशी बसला तेव्हा गणेशोत्सव चार दिवसांवर आला होता.

मुलांना तो तळ लखलखीत हवा होता. घरच्या तांब्यासारखा चिंच-मिठाने घासावा आणि वर वॉर्निश मारून चकाकी कायम ठेवावी, असा त्यांचा आग्रह. आम्ही नकार दिला. त्याचे कारण सांगून आमचे भाषण संपवितो.

तांब्यावर शिंपले का चिकटत नाहीत? तांबे खाऱ्या पाण्यात किंचित किंचित झिजत राहते, आणि ते झिजते म्हणूनच त्यावर जिवाला थारा मिळत नाही. हंफ्री डेव्ही या थोर शास्त्रज्ञाने १८२४ साली ही झीज थांबविण्याची युक्ती काढली. पत्र्याला लोखंडाचे लहान तुकडे जोडावयाचे, म्हणजे झीज लोखंडाची होते आणि तांबे जसेच्या तसे राहते. कोचीनला बांधलेल्या 'समरंग' या जहाजावर हा प्रयोग झाला. तांबे खरोखरच झिजेनासे झाले. परंतु झिजत नाही म्हटल्यावर शेवाळ आणि शिंपले पुन्हा तळावर जमू लागले! तांबे वाचले, पण ज्या कामासाठी ते लावले होते ते काम बुडाले, आणि युक्ती सोडून द्यावी लागली.

मंडळाच्या बैठकांतून आपण नेहमी काळजी करतो की, मुलांचे मराठी झिजत चालले आहे, त्यात कन्नड शब्द येतात, लिंगे चुकतात. काळजी आम्हांसही वाटते. पण बोलण्यात असलेली भाषा थोडी झिजणारच. कपाटात कुलूपबंद ठेवलेली भाषा शुद्ध राहील आणि तिच्यावर शिंपले चढतील. जहाजाचे पत्रे कापताना ही मुले तास न् तास मराठीतच भांडत होती, हे आम्ही ऐकले आहे. ते मराठी आम्हांस पुरेसे वाटले.

म्हणून तळाला वॉर्निश नाही. पहिल्या वर्षातच तो तपकिरी पडला आहे. मध्यभागी एका लहानग्याच्या बोटाचा ठसा काळसर उमटला आहे. तो पुसण्याचे आम्ही योजलेले नाही. काकू दर उत्सवाला येतात, चष्मा लावून कडा तपासतात, आणि काही न बोलता प्रसाद घेऊन जातात. त्यांचे काही न बोलणे ही आमच्या कामाला मिळालेली सर्वांत मोठी पावती होय.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले, त्यांनी पहिली ओळ बसविली. त्यांची कड झाकण्याचे काम आपले, आणि आपली झाकण्याचे काम त्या पत्रे कापणाऱ्या मुलांचे. ते पिछाडीकडून सुरू करावयाचे असते, एवढे मात्र त्यांना आता माहीत आहे.