वेग आणि सूर

संगीतात वेग वाढला म्हणजे सुराला जागा उरत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. द्रुत लयीत गवयाची तयारी दिसते खरी, परंतु रागाचे अंतरंग उलगडते ते विलंबितातच, असे महाराष्ट्रातील जाणती मंडळीही सांगतात. हाच वाद एका अगदी निराळ्या देशात व निराळ्या संगीतात १९८४ साली उपस्थित झाला होता. त्या वादाला कारण झालेली ध्वनिमुद्रिका म्हणजे अमेरिकेतील ‘मेटॅलिका’ या वादकसंघाची ‘राइड द लाइटनिंग’ ही होय.

हा वाद समजण्यासाठी या संगीताचे कुळ थोडे पाहावे लागते. ‘हेवी मेटल’ हा प्रकार जन्मास आला तो इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी. तेथील ‘ब्लॅक सबाथ’ या संघाची पहिली तबकडी १९७० साली निघाली. पुढे ‘जुडास प्रीस्ट’ व ‘आयर्न मेडन’ या संघांनी त्या जड, काळोख्या नादाला सुरेल वळण दिले. दोन गिटारींनी एकच धून भिन्न पण परस्परांशी जुळणाऱ्या स्वरांत एकदम वाजवावी, ही त्यांची लाडकी रीत. मेटल संगीतातील जुनी, सुरावटप्रधान परंपरा ती हीच. १९८० नंतर कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी या परंपरेला ‘मोटरहेड’ या संघाचा आणि पंक संगीताचा बेफाम वेग जोडला. त्यातून जो प्रकार निघाला, त्यास ‘थ्रॅश’ असे नाव पडले. या शब्दाचा अर्थच मुळी झोडपणे असा आहे.

जेम्स हेटफील्ड व लार्स उलरिख यांनी १९८१ साली स्थापिलेला मेटॅलिका हा या नव्या पंथाचा एक अग्रणी संघ होता. त्याची १९८३ सालची ‘किल एम ऑल’ ही पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे वेगाची जणू शर्यतच होती. दुसरी तबकडी याहूनही वेगवान निघेल, अशी चाहत्यांची अपेक्षा असल्यास नवल नव्हते. ही दुसरी तबकडी १९८४ च्या प्रारंभी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन येथील ‘स्वीट सायलेन्स’ या ध्वनिमुद्रणगृहात, फ्लेमिंग रास्मुसेन यांच्या साहाय्याने तयार झाली. चौघा वादकांतील सर्वांत मोठा अवघा बावीस वर्षांचा होता. गाठीस पैसा नव्हता. रात्री वाजवावे आणि दिवसा तेथेच निजावे, असा त्यांचा क्रम असे.

या चौघांत क्लिफ बर्टन हे बास गिटार वाजवीत. लहानपणी ते पियानो शिकले होते, महाविद्यालयात त्यांनी संगीतशास्त्राचे पाठ घेतले होते आणि बाख या जर्मन संगीतकारावर त्यांची भक्ती होती. भिन्न स्वरपंक्ती एकमेकींस कशा सावरून धरतात, हे हेटफील्ड यांना कळले ते बर्टन यांच्या सहवासात. त्या विद्येचा ठसा या ध्वनिमुद्रिकेवर पहिल्या क्षणापासून उमटलेला आहे. तबकडी लावताच ऐकू येते ती गडगडाटी गिटार नव्हे, तर साध्या लाकडी गिटारीची मंद, नाजूक धून. ऐकणारा सावरून बसतो न बसतो, तोच तिच्यावर अतिद्रुत वादनाचा लोंढा येऊन आदळतो. गाण्याचा विषय अणुयुद्धातील सर्वनाशाचा आहे. आरंभी ती शांतता नसती, तर नाश झाला तो कशाचा, हे श्रोत्यास उमगलेच नसते.

हेमिंग्वे यांच्या १९४० सालच्या कादंबरीवरून सुचलेले ‘फॉर हूम द बेल टोल्स’ हे गाणे घंटेच्या टोलांनी सुरू होते आणि सैनिकांच्या थकलेल्या पावलांप्रमाणे संथ चालते. ‘क्रीपिंग डेथ’ मध्ये बायबलातील मिसर देशावरील अरिष्टांची कथा आहे. तेथे वेग पुन्हा येतो, पण मध्यभागी लय अशी आखडते की सभागृहातील हजारो कंठ तिच्यात सहज मिसळतात.

तथापि वाद माजला तो ‘फेड टू ब्लॅक’ या गाण्यावरून. १९८४ च्या जानेवारीत बोस्टन येथे या संघाची वाद्ये व ध्वनिवर्धक चोरीस गेले. त्यांत हेटफील्ड यांच्या फार आवडीचा एक ध्वनिवर्धक होता. राहण्याचे ठिकाणही सुटले होते. त्या खिन्नतेत, एका मित्राच्या घरी, जगण्याची इच्छा मावळत चाललेल्या मनुष्याचे हे मनोगत लिहिले गेले. त्याचा प्रारंभ लाकडी गिटारीच्या सुट्या स्वरांनी होतो, पुढे आवाज चढत जातो आणि अखेरीस कर्क हॅमेट यांची गिटार शब्दांवाचून कितीतरी वेळ बोलत राहते.

कडव्या चाहत्यांस हे सहन झाले नाही. मेटॅलिकाने लाकडी गिटार हाती घ्यावी आणि संथ गाणे म्हणावे, हा त्यांस पंथद्रोह वाटला. संघ पैशासाठी विकला गेला, असे ते म्हणू लागले. दुसऱ्या बाजूने, या गाण्यामुळे कोवळी मुले जीव देतील, असाही आरोप झाला. परंतु हेटफील्ड यांनी पुढे सांगितले ते निराळेच होते. तरुण श्रोत्यांची शेकडो पत्रे त्यांस आली. गाण्यात आपलेच दुःख कोणी बोलत आहे असे वाटले आणि त्यामुळे मन हलके झाले, असे त्या पत्रांत लिहिलेले होते. ज्या सुराला दुबळेपणा म्हणून हिणवले गेले, त्याच सुराने एकाकी मुलांस सोबत केली.

मात्र सूर आणला की काम झाले, असेही नाही. याच तबकडीत ‘एस्केप’ नावाचे एक गाणे आहे. त्याची चाल सौम्य व बांधणी रूढ असल्यामुळे ते स्वतंत्रपणे विक्रीस काढावे, असा बेत होता. ते घाईने रचले गेले आणि खुद्द संघासच रुचले नाही. जाहीर मैफलीत ते प्रथम वाजले २०१२ साली, तेही संपूर्ण ध्वनिमुद्रिका वाजवावयाची होती म्हणून. दोन्ही गाणी सुरेलच आहेत, पण एकातील सूर मनाच्या गरजेतून आला आणि दुसऱ्यातील बाजाराच्या हिशोबातून. हा भेद श्रोत्यांच्याही कानांनी अचूक टिपला.

बर्टन यांना पुढील आयुष्य फार थोडे लाभले. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये प्रवासात बस उलटून ते मृत्यू पावले, तेव्हा त्यांचे वय २४ वर्षांचे होते. ‘राइड द लाइटनिंग’ चा शेवट ‘द कॉल ऑफ क्टुलू’ या जवळजवळ नऊ मिनिटांच्या शब्दविरहित रचनेने होतो आणि तिच्या रचनाकारांत त्यांचे नाव आहे. १९९९ साली मायकेल केमन यांच्या नेतृत्वाखाली सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या वाद्यवृंदाने मेटॅलिकासह ती वाजविली आणि २००१ साली त्या वादनास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. एकेकाळी केवळ गोंगाट म्हणून गणल्या गेलेल्या या संगीतातील स्वरपंक्ती व्हायोलिन व तुताऱ्यांनी उचलल्या, तेव्हा त्या तेथे परक्या वाटल्या नाहीत. कोपनहेगनच्या त्या रात्रींत, एवढ्या वेगाच्या पोटात, त्या बावीस वर्षांच्या तरुणाने सुरासाठी जागा राखून ठेवली होती.