स्त्रियांची मूत्रवेगाची घाई व तिचे उपचार

भूम तालुक्यांत खव्याच्या पुष्कळ भट्ट्या आहेत. दूध आटूं लागलें कीं हात थांबवितां येत नाहीं. क्षणभर ढवळणें राहिलें तर खवा बुडाशीं लागतो. अशा भट्टीपुढें बसलेल्या एखाद्या प्रौढ स्त्रीला एकाएकीं लघवीची अनावर घाई होते आणि आडोसा गांठण्यापूर्वींच लुगडें भिजतें. म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीं. बाजार, लग्नकार्य, बार्शीची मोटार, एकेक सुटत जातें. कारण मात्र ती कोणाला सांगत नाहीं. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोलीकडील दोन गांवांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं शेंकडा ९२ जणींना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग आढळला. पूर्वीं तपासणी झालेल्या होत्या शेंकडा ८ च. लघवीची तक्रार तर त्याहूनहि संकोचाची.

पाणी तोडणें हा उपचार नव्हे. घट्ट झालेलें मूत्र मूत्राशयाला अधिकच चेतवतें, आणि बद्धकोष्ठ होतें तें वेगळेंच. प्रथम मूत्र तपासून जंतुसंसर्ग व मधुमेह नाहींत ना, हें पाहावें. लघवींतून रक्त जात असेल तर विलंब करूं नये.

मग गोळी आधीं कीं व्यायाम? अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ५५ ते ९२ वर्षें वयाच्या १९७ स्त्रियांचे तीन गट केले होते. पहिल्यास ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून घाई ओसरूं देण्याचें शिक्षण मिळालें, दुसऱ्यास ऑक्सिब्यूटिनिन, तिसऱ्यास नुसती नकली गोळी. भिजण्याचे प्रसंग अनुक्रमें शेंकडा ८१, ६९ व ३९ नीं घटले. नकली गोळीनें एवढें साधावें यांत नवल नाहीं. कोणीतरी तक्रार ऐकून घेतली, हाहि थोडाफार उपचारच.

ऑक्सिब्यूटिनिनसारख्या गोळ्यांनीं तोंड कोरडें पडतें, शौचास साफ होत नाहीं, वृद्धांना विस्मरण होऊं शकतें. मिराबेग्रॉननें हे त्रास कमी होतात, परंतु रक्तदाबावर नजर ठेवावी लागते. मूत्राशयांत बोट्युलिनम टोचण्याचा उपचार अधिक जोरकस आहे. २०१२ च्या एका प्रयोगांत त्यानें शेंकडा २७ स्त्रियांची तक्रार पूर्णपणें थांबली, तर गोळ्यांनीं १३ जणींची. परंतु टोचलेल्यांपैकीं कांहींना लघवी अडल्यामुळें नळी घालावी लागली, मूत्रमार्गाचा संसर्गहि अधिक झाला, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां टोचावेंच लागतें. मज्जातंतूंना विजेची सौम्य चेतना देण्याचे उपायहि आहेत. ते मोठ्या शहरांत जाऊनच करावे लागतात.

व्यायामाला शहर लागत नाहीं, शिकविणारी विश्वासाची बाई लागते. भूमच्या शेजारीं जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. त्यांत निरक्षरहि होत्या. असें शिक्षण तेवढ्याच साधेपणानें देतां येईल. वायु अडवितांना जे स्नायू आवळले जातात ते ओळखावे, कांहीं सेकंद आवळून सैल सोडावे. लघवीला ठरलेल्या वेळीं जावें व तें अंतर हळूहळू वाढवावें; निदान सहा आठवडे धीर धरावा. मध्येंच घाई झाली तर धांवत सुटूं नये; जागीं बसून स्नायू चार-पांच वेळां झटकन् आवळावे आणि लाट ओसरली कीं सावकाश उठावें. तेवढा वेळ कढईंतला हात दुसऱ्या कोणीं घ्यावा.