सरस्वती : नावातला प्रवाह



दसऱ्याच्या सकाळी महाराष्ट्रात घरोघरी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते. तिच्यापुढे पुस्तके मांडली जातात. ज्या नावापुढे लहानथोर हात जोडतात, त्याचा अर्थ मात्र क्वचितच विचारला जातो.

‘सरस्’ म्हणजे जल, जलाशय. ‘सृ’, म्हणजे वाहणे, या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. ‘वती’ म्हणजे ‘असलेली’. सरस्वती म्हणजे जलवती, प्रवाहवती! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नदीसूक्तात तिचा उल्लेख यमुना व शुतुद्री, म्हणजे आजची सतलज, यांच्या मध्ये येतो. प्राचीन इराणी भाषेत ‘स’चा ‘ह’ होऊन हेच नाव ‘हरह्वैती’ झाले. कंदाहारकडील प्रदेश त्या नावाने ओळखला जाई.

मग नदी वाग्देवी कशी झाली? तिच्या तीरी यज्ञ झाले, सूक्ते म्हटली गेली. ब्राह्मणग्रंथांनी तर सरस्वती म्हणजेच वाणी, असे सांगितले. पुढे ती विनशन येथे वाळूत लुप्त झाल्याचे महाभारताने नोंदविले. पाणी आटले, वाणी आटली नाही. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी, पिढ्यान्‌पिढ्या ती वाहत राहिली.

विद्येचे लक्षण या नावातच आहे. जी वाहते ती विद्या. साठून राहते ते केवळ डबके. पूजेला मांडलेले पुस्तक वर्षभरासाठी कपाटात परत गेले, तर प्रवाह तेथेच खुंटला. आजीने त्यातील एक पान नातवंडांना वाचून दाखविले, तर त्या घरात सरस्वती आजही वाहते आहे.