सायकलीची वाट

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून साऱ्या देशात ओळखले जात असे. १९५० आणि १९६० च्या दशकांत ज्यांचे शिक्षण अथवा नोकरी त्या शहरी झाली, अशा वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण त्याचे वर्णन ऐकले असेल. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातील पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींची रांग लागे. प्राध्यापक सायकलीवरून महाविद्यालयात जात आणि त्यांचे विद्यार्थी त्याच रस्त्याने मागोमाग येत. दिवा नसलेल्या सायकलीवरून आणि एका सायकलीवर दोघांनी बसण्यावरून पोलीस व पुणेकर यांच्यात झडणाऱ्या वादांच्या कथा घरोघर चवीने सांगितल्या जात.

आज त्या रस्त्यांवर स्कूटर, मोटारसायकली आणि मोटारी यांचे राज्य आहे. हा पालट कसा घडला असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: लोकांच्या हाती पैसा आला, शहर पसरले, अंतरे वाढली, आणि सायकल आपोआप मागे पडली. या उत्तरात तथ्य नाही असे कोण म्हणेल? दहा-बारा मैलांवरची नोकरी गाठणाऱ्याने स्कूटर घेतली तर त्याला दोष देता येत नाही. परंतु 'आपोआप' हा एक शब्द मात्र मला खटकतो. सार्वजनिक जीवनात आपोआप असे फारच थोडे घडते. जे आपोआप घडले असे वाटते, त्याच्या मुळाशी पुष्कळदा कोणीतरी घेतलेला, किंवा घ्यावयाचा असून न घेतलेला, निर्णय असतो.

सायकल नाहीशी झाली, हेही खरे नाही. पहाटे दूध आणि वृत्तपत्रे घेऊन येणारा, रात्रपाळी संपवून घरी परतणारा रखवालदार, बांधकामावर जाणारा मजूर, शाळेत जाणारी मुले हे आजही सायकलीवर असतात. यांतील बहुतेकांना व्यायामाची हौस नसते. दुसरे वाहन परवडत नाही म्हणून ते सायकल चालवितात. रस्त्यावर त्यांना जागा नाही आणि चर्चेत त्यांना आवाज नाही.

आता थोडे आकडे. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सरासरी चारशे साठांहून अधिक. या मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के स्वयंचलित दुचाकींवरील होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. सायकलस्वार त्यांत धरलेले नाहीत. त्यांची गणना निराळी. ज्यांच्या अंगाभोवती पोलादाचे कवच नाही, त्यांच्याच वाट्याला रस्त्यावरील मृत्यूचा मोठा भाग येतो, असा याचा अर्थ.

या मृत्यूंना आपण 'अपघात' म्हणतो. या शब्दात दैवाची छाया आहे. वीज पडावी, झाड कोसळावे, तसा तो घडला, अशी मनाची समजूत होते. पोलीस पंचनामा करतात, वाहनाचा वेग आणि चालकाचा दोष पाहतात. आणि ते त्यांनी केलेच पाहिजे. पण रस्ता तेथे एकदम अरुंद का झाला, चौकात थांबण्यास जागा का नव्हती, पदपथ मध्येच का संपला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चालकाला नाव असते. रस्त्याच्या दोषाला नाव नसते.

रस्ते कसे बांधावेत याचे ज्ञान आपल्यापाशी नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही आपल्या देशातील रस्ते-अभियंत्यांची संस्था १९३४ सालची. तिने १९६२ सालीच सायकलमार्गांच्या रचनेविषयी शिफारशी सिद्ध केल्या. ज्या रस्त्यावर ताशी दोनशेहून अधिक मोटारवाहने जातात, तेथे गर्दीच्या तासाला शंभर सायकली असल्या तरी त्यांच्यासाठी स्वतंत्र मार्ग करणे योग्य ठरेल, असे त्यांत म्हटले आहे. या मोजपट्टीने पाहिले असते, तर गेल्या साठ वर्षांत आपल्या किती शहरांतील किती रस्त्यांवर असे मार्ग व्हावयास हवे होते, याची कल्पनाच करावी! ते झाले नाहीत. मग मोटारी वाढल्या, सायकलस्वार भीतीने रस्त्यावरून दूर झाले. आणि आता मोजणी केली तर उत्तर येते, "सायकलीच नाहीत, मग मार्ग कशाला?" नदीवर पूल नाही म्हणून कोणी पलीकडे जात नाही, आणि कोणी जात नाही म्हणून पूल नको, अशातला हा न्याय आहे.

या संदर्भात कोलकात्याचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील पोलिसांनी २०१३ साली शहरातील १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी केली. कारण देण्यात आले ते वाहतूक सुरळीत चालण्याचे. दूधवाले, फेरीवाले, छोटे कारागीर यांच्या पोटावरच ते आले. आंदोलने झाली, वृत्तपत्रांतून टीका झाली, आणि बंदीच्या रस्त्यांची संख्या पुढे कमी करावी लागली. ती बंदी मला अन्यायाची वाटते. तथापि तिच्यात एक गोष्ट होती. ती लेखी होती. तिच्याखाली कोणाची तरी सही होती. म्हणून तिला विरोध करता आला. पुण्यात सायकलींना बंदी करणारा असा सर्वव्यापी हुकूम कोणी काढला नाही. तेथे रस्ते रुंद झाले आणि त्यांवर वाहनांचा वेग वाढला, पदपथ आक्रसले, कडेची जागा उभ्या वाहनांनी व्यापली. त्या साऱ्याचा परिणाम बंदीहून निराळा झाला नाही. पण त्याखाली सही कोणाचीच नाही, आणि म्हणून जाब विचारावयाचा तरी कोणाला, हा प्रश्न उरतो.

श्रोतेहो, मी शासकीय सेवेत आहे. एखादी फाइल एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे कशी जाते आणि कधीकधी वाटेत कशी विसावते, हे मला परके नाही. त्यात दर वेळी कोणाची लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा केवळ जबाबदारीची वाटणी इतकी बारीक झालेली असते की कोणाच्याच हाती ती पुरती येत नाही. पुण्याचेच पाहा. शहरातील बहुतेक रस्ते महानगरपालिकेचे. छावणीच्या हद्दीतील रस्ते कटक मंडळांचे. काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे. महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाचा. वाहतूक पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली, बससेवा स्वतंत्र कंपनीची, मेट्रोचे काम आणखी निराळ्या संस्थांकडे. खडकीहून हडपसरला जाणारा सायकलस्वार एका तासात यांतील कितीतरी सत्तांच्या अमलाखालून जातो. त्याला मात्र एकच रस्ता दिसतो, आणि तो वाटेत पडला तर दुखापतही त्याची एकट्याचीच असते.

योजना झाल्या नाहीत असे नाही. २००६ च्या अखेरीस पुण्यात जलद बससेवेचा स्वतंत्र मार्ग सुरू झाला, तेव्हा त्या रस्त्यांवर पदपथ आणि सायकलमार्ग यांचीही तरतूद होती. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्याचा विचार करताना वाहने नव्हे तर माणसे पुढे जाणे महत्त्वाचे, हे त्या धोरणाचे सूत्र. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही रस्त्यांवर आल्या, आणि थोड्याच काळात दिसेनाशाही झाल्या. जे सायकलमार्ग बांधले गेले, त्यांतील अनेक तुकड्यातुकड्यांनी आहेत. कोठे विजेचा खांब, कोठे दुकानाची पायरी, कोठे उभ्या गाड्या. अशा मार्गावर सायकल जात नाही, आणि मग "मार्ग केले तरी कोणी वापरीत नाही" असा निष्कर्ष काढण्यात येतो.

या वादाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. दुकानदार म्हणतो, दारापुढे गाडी उभी करता आली नाही तर गिऱ्हाईक येणार कसे? स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडून कचेरी गाठणारी गृहिणी म्हणते, मुळात रस्ता अपुरा, त्यातून आणखी सहा फूट काढून घेता? ही माणसे काही धनदांडगी नव्हेत. त्यांची अडचण खरी आहे. रस्त्याची रुंदी ठरलेली आहे. एकाला दिलेले दुसऱ्याकडून घ्यावे लागते. नेमके म्हणूनच हा प्रश्न केवळ स्थापत्याचा राहत नाही, तो राजकारणाचा होतो. आणि राजकारणाचा प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर लोकांसमोर उघडपणे, कारणे देऊन, द्यावयाचे असते असा प्रश्न.

दिल्लीत हे घडता घडता राहिले. आंबेडकर नगर ते मूलचंद या सुमारे सहा किलोमीटरांच्या रस्त्यावर २००८ साली बसगाड्यांसाठी राखीव पट्टा आणि कडेने सायकलमार्ग करण्यात आले. मोटारवाल्यांची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. २०१२ साली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. पण २०१५ साली शासनाने तो मार्ग मोडण्याचे ठरविले व पुढे तो मोडलाही. मोटारीत बसून तिष्ठणाऱ्याचा त्रागा सर्वांना ऐकू आला. बसमधील आणि सायकलीवरील माणसाचे वाचलेले मिनिट कोणी ऐकले नाही.

याच्या उलट नेदरलँड्सची गोष्ट आहे. तो देश पूर्वापार सायकलींचा खरा, परंतु महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले. १९७१ साली, लोकसंख्या अवघी एक कोटी तीस लाखांच्या आसपास असताना, त्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबापांनी चळवळ उभारली. तिचे नावच होते, 'मुलांची हत्या थांबवा'. 'अपघात' हा शब्द त्यांनी नाकारला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९७३ च्या तेलटंचाईची भर पडली आणि शासनाला धोरण बदलावे लागले. २०२३ साली तेथील रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या ६८४ होती. आजचे त्यांचे सायकलमार्ग ही निसर्गाची देणगी नव्हे; ती मागून, भांडून, मिळविलेली गोष्ट आहे.

आपल्याकडे कायद्याने एक पाऊल टाकले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी अथवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार अथवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे. तत्त्व मोठे आहे. रस्ताही दोषी असू शकतो, हे कायद्याने मान्य केले.

पण दंडाने सगळे साधत नाही. महानगरपालिकेच्या सभागृहात लोकांनी निवडून दिलेला सभासद आयुक्तांना प्रश्न विचारू शकतो, ही आपल्या स्थानिक स्वराज्यातील साधी परंतु मोलाची तरतूद आहे. पुणे महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. जवळजवळ चार वर्षे सभागृहच नव्हते. अधिकारी कितीही सचोटीचा असला, तरी प्रश्न विचारणारा समोर नसेल तर उत्तर देण्याची सवय मोडते. सेवेतील मनुष्य म्हणून हे मी जाणीवपूर्वक सांगतो. प्रश्न विचारला जाणे हा आम्हा लोकांचा अपमान नव्हे. कामाला लागलेली ती शिस्त आहे.

तेव्हा आपण कोणत्याही शहरात राहत असा, नागपूर असो, इंदूर असो, बडोदे वा बंगळूर असो, आपल्या घरापुढील रस्त्यापुरते तीन प्रश्न विचारून पाहा. हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे? त्याची सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासणी कोणी व केव्हा केली? पायी चालणारे आणि सायकलस्वार यांच्यासाठी मंजूर झालेला पैसा कोठे खर्च झाला? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. उत्तरे कागदावर मागा. आणि मत मागावयास कोणी दारी आला, तर त्याला नव्या आश्वासनाबद्दल विचारू नका. जुन्या ठरावाचे काय झाले तेवढेच विचारा.

कदाचित उत्तर येईल की सायकलमार्ग करणे येथे शक्य नाही. तेही चालेल, पण ते कारणांसह आणि सहीनिशी यावे. नकार लेखी असला तर त्याच्याशी वाद घालता येतो आणि पुढच्या निवडणुकीत तो आठवता येतो. पहाटे आपल्या दारी दूध टाकून पुढे जाणाऱ्या सायकलस्वाराला एवढे तरी उत्तर मिळावे, असे मला वाटते.