प्रीअँप घेण्याआधी खोली ऐका
बेंगळुरूच्या आमच्या फ्लॅटमध्ये सिनेमा लावला की आई विचारायची, "काय म्हणाला रे तो?" म्हटलं, नवा सराउंड प्रीअँप घेऊ. दुकानात ७.१.४ ऐकून भुललो: भोवती सात स्पीकर, एक सबवूफर, वर चार. पण प्रीअँप स्पीकर चालवत नाही. पॉवर अँपचा खर्च वेगळा धरा. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. फरशीच्या खोलीतलं घुमणं जाड पडदे नि गालिच्याने कमी होतं. फुगलेला बास डिरॅक लाइव्हसारखं तंत्र आवरतं. म्हणून मी चॅनेल कमी, पण हे तंत्र असलेला प्रीअँप निवडला. आता सिनेमा चालू असताना आई मलाच गप्प बसवते!