'आढळलं नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

प्रयोगवहीतल्या आकृत्या शेजारणीच्या बघून काढणारी मी आज रक्तातून कॅन्सरचा डीएनए शोधण्याबद्दल बोलणार, म्हणून जीवशास्त्राच्या बाई हसतायत, ते दिसतंय मला! पण मी इंजिनिअरच आहे. प्रयोगशाळेतलं यंत्र डीएनएची जी अक्षरं वाचतं, त्यातून अर्थ काढणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो.

मध्यंतरी आपल्या ग्रुपवर मेसेज फिरला, 'एकाच रक्तचाचणीत सगळे कॅन्सर कळणार.' बऱ्याच जणांनी मला विचारलं, "करून घेऊ का?" त्याचं उत्तर आज देते.

पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. रक्तातला हा मोकळा डीएनए १९४८ मध्ये फ्रान्समधल्या मांदेल आणि मेते यांनी दाखवला. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींचेही तुकडे त्यात मिसळलेले असतात.

ते वेगळे कसे काढतात? साधारण १० मिली रक्त घेतात. नळीतल्या पांढऱ्या पेशी फुटल्या तर त्यांचाच डीएनए सांडतो आणि गाठीचा त्यात हरवतो. म्हणून पेशी टिकवून धरणारी खास नळी वापरतात. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा काढतात. त्यातला डीएनए चुंबकीय मण्यांना चिकटवतात, धुतात आणि सोडवून घेतात. मग प्रत्येक तुकड्याला हजेरी क्रमांकासारखी एक खूण जोडून त्याच्या प्रती काढतात. एकाच क्रमांकाच्या सगळ्या प्रतींत बदल दिसला तर तो खरा मानायचा, एखाद्याच प्रतीत दिसला तर यंत्राची चूक. हे ठरवणं आमच्या सॉफ्टवेअरचं काम.

आता थोडं गणित. ४ मिली प्लाझ्मा, दर मिलीत ५ नॅनोग्रॅम डीएनए आणि एका नॅनोग्रॅममध्ये पूर्ण संचाच्या सुमारे ३०० प्रती धरल्या, तर झाल्या ६,००० प्रती. गाठीचा वाटा हजारात एक असेल तर त्यातल्या फक्त ६ गाठीच्या. दहा हजारात एक असेल तर सरासरी एकसुद्धा नाही. गाठ लहान असताना वाटा असाच कमी असतो. जो तुकडा नळीत आलाच नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर शोधू शकत नाही.

हे गणित मला पाठ होतं, पण उमगलं मावशीच्या आजारात. तिला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. बायोप्सीत मिळालेला नमुना जनुकांच्या तपासणीला पुरला नाही, म्हणून रक्त पाठवलं. रिपोर्ट आला, 'ईजीएफआर जनुकात बदल आढळला नाही.' म्हणजे त्या बदलावरच्या गोळ्या तिच्या उपयोगाच्या नाहीत, असं घरात सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा! असेच रिपोर्ट छापणारा प्रोग्राम लिहिणारी मी! डॉक्टर मात्र म्हणाले, "रक्तात दिसला नाही, एवढंच कळलंय. पुन्हा बायोप्सी करू." त्या बायोप्सीत बदल सापडला. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या दोन दिवाळ्यांना मावशीने स्वतः चकल्या केल्या.

या जनुकाच्या रक्तचाचणीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, तीही रक्तात बदल दिसला नाही तर गाठीचा नमुना तपासावा, या सूचनेसह. मावशीनंतर आमच्या रिपोर्टमध्ये ती सूचना मी ठळक अक्षरात वर आणून घेतली.

आपण आता पंचेचाळिशीत आहोत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ४५ वर्षांपुढच्यांना करता येणाऱ्या एका रक्तचाचणीला २०२४ मध्ये तिथे मान्यता मिळाली. अभ्यासात तिने कॅन्सर असलेल्या १०० पैकी सुमारे ८३ जण ओळखले, १७ निसटले.

म्हणून माझं उत्तर असं. ज्यांना कॅन्सर झाला आहे आणि डॉक्टरांनी ही चाचणी सांगितली आहे, त्यांनी जरूर करावी. औषध निवडायला ती मोलाची मदत करते. पण मॅमोग्राफीऐवजी ती नको. आणि स्तनात गाठ लागली किंवा तोंडातला चट्टा बरा होत नसला, तर रक्ताचा रिपोर्ट कितीही स्वच्छ असो, डॉक्टरांकडे जाच.

हजेरी घेताना शेवटच्या बाकावरून माझा 'हजर' ऐकू आला नाही, तर बाई मान वर करून बघायच्या आणि मगच गैरहजेरी मांडायच्या. रिपोर्ट वाचताना आपणही तेवढं करू या.